मुंबईच्या गोदींतलें सागवानी जहाज

परभणी जिल्ह्याला समुद्र नाहीं. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या आमच्या नद्या. त्यांचें पाणीहि मुंबईकडे न वळतां पूर्वेस, बंगालच्या उपसागराकडे निघून जातें. संत जनाबाईच्या गंगाखेडास गोदावरीच्या घाटावर उभ्या राहिलेल्या यात्रेकरूला पैलतीर दिसतें. ज्याला पैलतीर नाहीं असें पाणी आमच्याकडील पुष्कळ माणसांनीं प्रौढपणींच पहिल्यानें पाहिलेलें असतें. अशा कोरड्या मुलखांतल्या माणसानें शिडाच्या जहाजाविषयीं बोलावें, हें श्रोत्यांस थोडें विपरीत वाटेल. परंतु इतिहासाची आवड एकदां लागली म्हणजे ती माणसाला कोणत्या बंदरास नेऊन लावील ह्याचा नेम नसतो. मला तिनें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल नांवाच्या गांवीं नेलें, आणि तेथें मुंबईस बांधलेलें एक जहाज दाखविलें.

त्या जहाजाचें नांव ‘त्रिंकोमाली’. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें मुंबईच्या गोदींतून पाण्यांत उतरलें. त्याला दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी तें अद्याप पाण्यावर तरंगत आहे. जगांतील तरंगत्या युद्धनौकांत वयानें त्याच्याहून वडील अशी एकच गणली जाते. ती अमेरिकेंतील बोस्टन येथील ‘कॉन्स्टिट्यूशन’, १७९७ सालची. नेल्सनची प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ ह्या दोहोंपेक्षां जुनी खरी. पण ती १९२२ पासून कोरड्या गोदींत टेकूंवर उभी आहे, तिच्या तळाला पाणी लागत नाहीं. म्हणजे ब्रिटिश आरमाराची जी सर्वांत जुनी नौका आज पाण्यावर आहे, ती मुंबईस, पारशी मिस्त्रींच्या देखरेखीखालीं, सागाच्या लांकडांत घडविलेली आहे.

ह्या जहाजाची जन्मतारीख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकानें मनांत धरून ठेवावी. तें पाण्यांत उतरलें त्यानंतर चोविसाव्या दिवशीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीच्या मैदानावर पेशव्यांची फौज इंग्रजांशीं लढली; १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. एका राज्याचा अस्त आणि एका जहाजाचा जन्म हीं दोन्ही एका महिन्याच्या आगेंमागें व्हावीं, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देतां येईल. परंतु त्या योगायोगाच्या तळाशीं एक कारण आहे. तें कारण शोधणें, हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम जहाजाचें दर्शन घेऊं. न्यूकॅसलहून निघालेली आगगाडी संडरलंडवरून, समुद्राच्या कडेकडेनें, हार्टलपूलला येते. नात्यांतील एक कुटुंब न्यूकॅसलला राहतें. त्यांच्यासह मी एक संपूर्ण दिवस ह्या कामासाठीं राखून ठेवला होता. स्थानकापासून थोडें चाललें कीं घरांच्या छपरांवर तीन उंच डोलकाठ्या दिसूं लागतात. जुन्या गोदीच्या भोंवतीं अठराव्या शतकांतील बंदराचा देखावा उभा केलेला आहे: फरसबंद धक्का, नकाशे विकणाऱ्याचें, बंदुका करणाऱ्याचें, शिंप्याचें अशीं दुकानें. आतां हें सारें ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल-संग्रहालयाच्या कारभाराखालीं आहे. आणि मधल्या पाण्यांत ‘त्रिंकोमाली’ उभी. काळें अंग, त्यावर पांढरा पट्टा, पट्ट्यांत तोफांच्या चौकोनी खिडक्या. नाळेवर जो लांकडी पुतळा आहे, त्याच्या डोक्यावर पागोटें आहे. एवढ्या थंड आणि करड्या आकाशाखालीं तें पागोटें पाहून परदेशांत एकाएकीं आपल्याकडचा माणूस भेटावा तसें झालें.

आंत शिरल्यावर जहाजाचें मोठेपण आणि त्यांतील माणसांचें लहानपण हीं दोन्ही एकदम जाणवतात. तोफांचा मजला दीडशें फूट लांब आणि चाळीस फूट रुंद; मोठ्या वाड्याच्या चौकासारखा. मूळच्या योजनेप्रमाणें ह्या मजल्यावर अठरा पौंडी गोळा फेंकणाऱ्या अठ्ठावीस तोफा असावयाच्या. त्याच्या खालच्या मजल्यावर मात्र ताठ उभें राहतां येत नाहीं. दर पावलाला तुळई कपाळावर येते. येथें खलाशी जेवत, आणि येथेंच रात्रीं तुळयांना टांगलेल्या झोळ्यांत निजत. त्या काळच्या आरमारी नियमाप्रमाणें एका माणसाच्या वांट्यास झोळी टांगण्याकरितां चौदा इंच रुंदीची जागा येई. पाळीपाळीनें पहारा असल्यामुळें शेजारची झोळी बहुधा रिकामी असे, एवढाच दिलासा. कप्तानाची खोली पिछाडीला. तिला खिडक्या आणि उजेड. चौदा इंचांची झोळी व खिडक्यांची खोली यांच्यांतील अंतर दोन जिन्यांचें. पण तें अंतर तोडून वर जाणारा खलाशी विरळा.

मी सर्वांत अधिक वेळ घालविला तो तोफांपाशीं नव्हे, तर तुळयांपाशीं. हात फिरवून पाहिला. आपल्या जुन्या वाड्यांच्या खांबांना असतो तसाच स्पर्श. मनुष्याच्या हाताला लांकूड ओळखतां येतें. ह्या जहाजाची पुढें मोठी दुरुस्ती झाली, तिची हकीगत पुढें येईलच. परंतु आजहि त्यांतील निम्म्याहून अधिक लांकूड मूळचें आहे. मलबारच्या जंगलांत पडलेली कुऱ्हाड आणि मुंबईच्या गोदींत चाललेली वांकस ह्यांच्या खुणा आपण इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाहतों आहों, ही जाणीव पुस्तकें वाचून होण्याजोगी नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या इंग्लंडला सहा हजार कोसांच्या वळशापलीकडे मुंबईस जहाजें बांधवून घेण्याची गरज कां पडली? उत्तर लांकडांत आहे. नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत एकेका मोठ्या युद्धनौकेस शेंकडों जुने ओक वृक्ष लागत. आणि ओक वाढावयास शतक लागतें. इंग्लंडांतील राया ओसाड पडूं लागल्या. उलट मलबारचा साग विपुल होता, आणि गुणानें ओकहून सरस होता. सागांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें सहसा कुजत नाहीं, आणि त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाहीं. ओकमधील आम्ल लोखंडाला खाऊन टाकतें. ओकच्या जहाजाला थोड्या वर्षांनीं डागडुजी हवी. सागाचें जहाज दोन पिढ्या वापरावें.

लांकूड असून भागत नाहीं, हात लागतात. ते हात मुंबईला मिळाले त्याची कथा १७३६ पासून सुरू होते. त्या वर्षीं लवजी नसरवानजी वाडिया ह्या कारागिराला ईस्ट इंडिया कंपनीनें सुरतेहून मुंबईस आणिलें. बरोबर थोडे सुतार आले. मुंबईस भरती-ओहोटीच्या पाण्यांतील अंतर मोठें. भरतीला जहाज आंत घ्यावें, ओहोटीला पाणी जाऊं द्यावें आणि दार लावून तळाचें काम करावें, ह्यास ती जागा उत्तम. १७५० सालीं तेथें कोरडी गोदी झाली. आशियांतील अशा प्रकारची ती पहिली मानतात. पुढें गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या नांवाची दुसरी मोठी गोदी १८१० च्या सुमारास पुरी झाली. लवजीच्या घराण्याकडे मुख्य मिस्त्रीचें पद पिढ्यान् पिढ्या, एकूण सुमारें दीडशें वर्षें चाललें, आणि त्या अवधींत ह्या कुटुंबाच्या हातून तीनशेंहून अधिक जहाजें उतरलीं.

लवजीचा नातू जमशेटजी बमनजी हा ह्या घराण्यांतील सर्वांत नामांकित मिस्त्री. १८१० सालीं त्यानें ‘मिंडन’ नांवाचें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज उतरविलें. ब्रिटिश आरमाराच्या रांगेंतील एवढी मोठी नौका इंग्लंडच्या बाहेर बांधली जाण्याची ती पहिली वेळ. १८१३ सालीं त्यानेंच ‘कॉर्नवालिस’ बांधलें. त्याच जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजीं, अफूच्या युद्धानंतर, चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. त्याचा मुलगा नवरोजी ह्यानें बांधलेलें ‘एशिया’ हें १८२७ च्या नाव्हारिनोच्या लढाईंत ब्रिटिश सेनापतीचें निशाणाचें जहाज होतें, आणि त्या लढाईनें ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या सुतारांनीं घडविलेल्या फळ्यांवर एका देशाची मान वांकली आणि दुसऱ्याची ताठ झाली. फळ्यांना ह्यांतलें पाप-पुण्य लागत नाहीं. पण आपण अभिमान सांगतांना हीं दोन्ही लक्षांत ठेवलीं पाहिजेत.

‘त्रिंकोमाली’ बांधण्याची आज्ञा लंडनहून १८१२ च्या ऑक्टोबरांत सुटली. तिची आकृति मूळची फ्रेंच: इंग्रजांनीं १७८२ सालीं ‘हेबे’ नांवाची एक फ्रेंच नौका पकडली, तिची मापें घेतलीं, आणि त्या मापांवर आपलीं जहाजें बांधण्याचा क्रम घातला. नांव सिंहलद्वीपांतील बंदराचें. तेथें त्याच १७८२ सालीं इंग्रज व फ्रेंच आरमारांची झुंज झाली होती. त्या मापांच्या आराखड्यांची पहिली प्रत, आणि मुंबईंत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळाला ठोकावयाचे तांब्याचे पत्रे, ‘जावा’ नांवाच्या जहाजावर चढविले गेले. मुंबईच्या लष्कराचें आधिपत्य घेण्यास निघालेला सर टॉमस हिस्लॉप हाहि त्याच जहाजावर होता. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझिलच्या किनाऱ्यापाशीं अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नें ‘जावा’ला गांठलें. मोठी लढाई झाली, कप्तान लँबर्ट प्राणघातक जखमी झाला, आणि ‘जावा’ जाळून टाकण्यांत आली. आराखडे गेले. आज पाण्यावर असलेल्या ज्या दोन वृद्ध युद्धनौकांचा उल्लेख मीं आरंभीं केला, त्यांपैकीं एकीनें दुसरीचा जन्म असा कांहीं वर्षें लांबविला.

आराखड्यांची दुसरी प्रत मुंबईस आली. २५ एप्रिल १८१६ रोजीं जहाजाचा कणा मांडला गेला, आणि पारशी रिवाजाप्रमाणें मुख्य मिस्त्रीनें त्यांत चांदीचा खिळा ठोकला. दीड वर्षांत काम पुरें झालें. खर्च सुमारें तेवीस हजार पौंड. ‘जावा’वर कैद झालेला हिस्लॉप तोपर्यंत सुटून मद्रासच्या फौजेचा सेनापति झाला होता, आणि जहाज उतरल्यावर अवघ्या दहा आठवड्यांनीं, २१ डिसेंबर १८१७ रोजीं, माळव्यांत महिदपूर येथें त्यानें होळकरांच्या फौजेचा पराभव केला. येथें तो कारणाचा धागा हातीं लागतो. समुद्रांत एक जहाज बुडालें, एक सेनापति पकडला गेला, सारे कागद जळाले. तरी इंग्रजांचें काम अडलें नाहीं. दुसरी प्रत निघाली, दुसरें जहाज निघालें, तोच सेनापति दुसऱ्या वाटेनें आला. कोणत्याहि एका माणसावर, एका कागदावर वा एका नौकेवर त्यांचा व्यवहार टांगलेला नव्हता.

आपल्या बाजूस काय होतें? पुष्कळ होतें. शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर आरमाराचा पाया घातला. प्रथम कांहीं पोर्तुगीज कारागीर कामास लावले होते. त्यांना त्यांच्या लोकांनीं परत बोलाविल्यावर ते निघून गेले, तरी काम थांबलें नाहीं. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं तर गुराबा व गलबतें ह्यांच्या बळावर कोंकणचा दर्या मराठ्यांचा झाला. १७१७ पासून १७२१ पर्यंत इंग्रजांनीं विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा ह्यांवर चाल केली. शेवटच्या मोहिमेंत पोर्तुगीजहि साह्यास होते. एकहि मोहीम फळास आली नाहीं. कान्होजी १७२९ मध्यें वारले, तेव्हां त्यांच्या पश्चात् लांकूड होतें, सुतार होते, दर्यावर्दी होते. गोदीहि होती: विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीच्या कांठीं खडक फोडून केलेली, साडेतीनशें फुटांच्या आसपास लांबीची गोदी अजून पाहावयास मिळते.

मग ती जहाजें कोठें गेलीं? ह्याचें उत्तर कडू आहे. कान्होजींच्या मुलांत भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत ना. नानासाहेब पेशव्यांनीं त्याला नमविण्याकरितां १७५५ सालीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत जमिनीवरून पेशव्यांची फौज आणि समुद्रांतून वॉटसनचें आरमार, व त्याजबरोबर क्लाइव्ह, विजयदुर्गावर आले. इंग्रजांचा एक गोळा बंदरांतील ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजावर पडला. हें जहाज आंग्र्यांनींच पूर्वीं इंग्रजांपासून जिंकलेलें होतें. तें पेटलें, शेजारचीं जहाजें दाटीवाटीनें नांगरलेलीं, आग एकीवरून दुसरीवर गेली आणि पाहतां पाहतां तुळाजीचें सारें आरमार जळून गेलें. पेशव्यांनीं तुळाजीला हटविलें; परंतु जो हात छाटला तो आपल्याच अंगाचा होता.

त्यानंतर मराठ्यांचें आरमार अजिबात उरलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. विजयदुर्गास पेशव्यांचें आरमार पुन्हां उभें राहिलें, आणि १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळप यांनीं ‘रेंजर’ नांवाचें इंग्रजी जहाज घनघोर लढाई करून पकडलें. पराक्रम उणा नव्हता. उणें होतें तें सातत्य. जें आरमार एका सरदाराच्या नांवानें उभें राहतें, तें त्या सरदाराशीं वैर झालें म्हणजे शत्रूचें ठरतें, आणि त्याच्याबरोबर त्याचे सुतारहि शत्रूचे ठरतात. मुंबईच्या गोदींत गव्हर्नर बदलले, कंपनीचे नफे-तोटे झाले, लंडनांत प्रधानमंडळें आलीं आणि गेलीं; पण लवजीचा मुलगा, नातू आणि पणतू त्याच गोदींत रंधा धरून उभे होते, आणि त्यांच्या हाताखालीं शिकलेला सुतार दुसऱ्या सुताराला शिकवीत होता. आपल्याकडे कसब बापाकडून मुलाकडे डोळ्यांच्या अंदाजानें जाई. जोंपर्यंत घर नांदतें तोंपर्यंत तें टिके, घर मोडलें कीं तेंहि मोडे. मराठ्यांच्या आरमारांतील एकहि गुराब आज पाहावयास उरलेली नाहीं. त्या काळचें आपल्या किनाऱ्यावर घडलेलें जें मोठें युद्धजहाज उरलें, तें समोरच्या पक्षाचें आहे.

परंतु इंग्लंडांत तरी ‘त्रिंकोमाली’ सुखानें राहिली काय? तसेंहि नाहीं, आणि हा भाग आपणांस विशेष शिकण्याजोगा आहे. १८१९ च्या एप्रिलांत ती पोर्टस्मथला पोंचली, तोंवर नेपोलियनचें युद्ध संपून चार वर्षें झालीं होतीं. जिच्यासाठीं एवढा खटाटोप केला तिला कामच नव्हतें. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तिला डोलकाठ्यांवांचून राखीव ठेवण्यांत आलें. पुढें फेरफार करून १८४७ ते १८५० मध्यें ती उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजकडे, आणि १८५२ ते १८५७ मध्यें पॅसिफिक महासागरांत फिरली. वाफेचीं जहाजें आल्यावर तिचा उपयोग तरुण खलाश्यांची शाळा म्हणून संडरलंड, हार्टलपूल, साउथॅम्टन येथें झाला. शेवटीं १८९७ सालीं ती मोडीच्या व्यापाऱ्यास विकली गेली.

तिला वांचविलें तें सरकारनें नव्हे. जॉर्ज व्हीटली कॉब नांवाच्या एका गृहस्थाचें ‘फुद्रोयां’ हें जुनें जहाज त्याच वर्षीं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें होतें. त्यानें मोडींत निघालेली ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली, डागडुजी केली आणि तिला गेलेल्या जहाजाचें नांव दिलें. जवळजवळ शतकभर ती त्या उसन्या नांवानें मुलामुलींना दर्यावर्दीपण शिकवीत राहिली. तिच्या शेजारीं पोर्टस्मथला ‘इम्प्लॅकेबल’ नांवाचें आणखी एक जहाज असे. ट्रफाल्गारच्या लढाईंत फ्रेंचांच्या बाजूनें लढलेलें तें जहाज. दुरुस्तीचा खर्च झेपत नाहीं म्हणून १९४९ च्या डिसेंबरांत सरकारनें तें समुद्रांत नेलें, त्यावर इंग्रज व फ्रेंच दोन्ही निशाणें चढविलीं, आणि सुरुंग लावून बुडविलें. त्या घटनेनें तिकडील लोकांच्या मनाला चटका लागला. जुनीं जहाजें राखलीं पाहिजेत ही चळवळ पुढें जोरास लागली, तीस ही हळहळ बरीचशी कारण झाली.

१९८७ सालीं ‘त्रिंकोमाली’ला हार्टलपूलला आणलें. गांवांतील जहाजबांधणीचे कारखाने तोपर्यंत बंद पडलेले. पण ‘वॉरियर’ नांवाचें एक जुनें लोखंडी जहाज दुरुस्त केलेले कारागीर तेथें होते. त्यांच्या हातीं तिला सोंपविलें. १९९० मध्यें आरंभ झालेलें काम २००१ मध्यें पुरें झालें; मध्यंतरीं, १९९२ सालीं, तिला तिचें मूळचें नांव परत मिळालें. बांधावयास दीड वर्ष आणि सांवरावयास अकरा वर्षें, असा हा हिशेब आहे. जो समाज जुनी वस्तु राखण्याचें मनावर घेतो, त्यानें हा हिशेब आधीं वाचावा.

ह्यावर साहजिकच एक प्रश्न उठतो. आमच्याबरोबरच्या मंडळींतहि दुपारच्या चहाच्या वेळीं तो निघाला. हें जहाज कोणाचें म्हणावयाचें? कोणी म्हणालें, लांकूड आपलें, हात आपले, तेव्हां जहाज आपलें. मला हें उत्तर पुरें पडत नाहीं. ते हात प्रथम वाडियांचे व त्यांच्या सुतारांचे. त्या श्रेयांत आपण सर्वांनीं एकदम वांटा मागणें बरें नव्हे. खडकीस जे लढले त्यांच्या दृष्टीनें मुंबईची गोदी शत्रूचीच होती. आमचा परभणीचा मुलूख तर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, आणि निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहांत बांधलेला. वारसा असा सरळ रेषेंत येत नसतो. माझ्या मतें जहाजावर तिघांचा हक्क असतो: घडविणाऱ्याचा, वापरणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा. ‘त्रिंकोमाली’च्या बाबतींत पहिला हक्क मुंबईचा आहे, आणि हार्टलपूलचें संग्रहालय तो उघडपणें मान्य करतें. दुसरा इंग्लंडचा. तिसरा हक्क ज्यांनीं गेल्या शतकांत घाम गाळून मिळविला, त्यांच्याकडून तो केवळ भावनेच्या जोरावर काढून घेतां येणार नाहीं.

आपली परीक्षा त्या तिसऱ्या हक्कापाशींच होते. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ सालीं निवृत्त झाल्यावर मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून ठेवली होती. माझ्या ओळखीच्या कित्येक कुटुंबांनीं मुलांना घेऊन ती पाहिली आहे. २०१२ पासून ती लोकांस बंद झाली. जतनाचा खर्च कोणी करावयाचा ह्याचा निकाल लागला नाहीं, आणि २०१४ सालीं ती मोडींत गेली. ज्या शहरांत ‘त्रिंकोमाली’ घडली, त्याच शहरांत हें घडलें. इंग्रजांनींहि ‘इम्प्लॅकेबल’ बुडविलें होतें, हें आठवून आपण स्वतःस फार बोल लावूं नये; पण त्या घटनेपासून ते जें शिकले तें आपणहि शिकावें, एवढें मागणें वाजवी आहे.

शिकण्यास आरंभ झालेला नाहीं असेंहि नाहीं. परभणीहून अजिंठा फार दूर नाहीं. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें एक जहाज रंगविलेलें आहे. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं समुद्रापासून इतक्या आंत, डोंगराच्या पोटांत बसलेल्या चित्रकाराला जहाजाचें शीड, सुकाणू आणि पाण्याचे रांजण बिनचूक ठाऊक होते. ज्यांना त्या काळच्या नौकांचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांना अजिंठ्याच्या भिंतींवांचून गत्यंतर नाहीं. त्या चित्राच्या आधारानें, एकहि खिळा न ठोकतां, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून एक शिडाची नौका आपल्या काळांत बांधण्यांत आली. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ती भारतीय नौदलांत दाखल झाली. तिचें नांव ‘कौंडिण्य’ ठेविलें आहे. म्हणजे कोरड्या मुलखांतील एका भिंतीनें समुद्राची आठवण पंधरा शतकें जपली, आणि ती उपयोगास आली.

तेव्हां ज्यांना हार्टलपूल लांब पडेल, त्यांनीं सुटींत एक दिवस अजिंठ्यास जावें आणि पद्मपाणीपुढें गर्दी असेल तेवढ्या वेळांत दुसऱ्या लेण्यांतील तें जहाज पाहून यावें. कोंकणांत गेल्यास विजयदुर्गाचे बुरूज पाहून परतूं नये; वाघोटणच्या कांठची ती रिकामी गोदी आवर्जून पाहावी. कान्होजींचीं जहाजें जेथें दुरुस्तीला येत तेथें आज पाण्याखेरीज कांहीं नाहीं, पण खडकावर छिन्नीच्या खुणा आहेत. आणि ‘कौंडिण्य’ बांधतांना ज्या सुतारांनीं दोरीच्या गांठी मारल्या, त्यांची नांवें, त्यांचीं मापें आणि त्यांची रीत कोणीतरी नीट लिहून, एकाहून अधिक प्रतींत, एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावी. ‘जावा’ जळाली तेव्हां दुसरी प्रत शिल्लक होती. विजयदुर्गाच्या बंदरांत १७५६ सालीं तशी प्रत कोणाजवळ नव्हती.